सीपॅनेलचं शेअर्ड होस्टिंग: पहिल्या वेबसाइटसाठी घ्यावं का?

निकाल आधीच सांगून टाकू. दुकान, क्लास, दवाखाना, वाचनालय किंवा दिवाळी अंक यांची पहिली वेबसाइट उभी करायची असेल, तर लिनक्स सर्व्हरवरचं, सीपॅनेल असलेलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांच्या साइट) आजही पैसावसूल आहे. चालतं ऑनलाइन दुकान, हजारो ग्राहकांना ईमेल किंवा व्हिडिओंचा साठा असं काम असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. अमुक कंपनी चांगली की तमुक, हा इथे प्रश्न नाही. पाटी कोणाचीही असो, आत माल जवळपास तोच असतो: सर्व्हरची कार्यप्रणाली क्लाउडलिनक्स, त्यावर वाचकाला पानं पाठवणारं अपाची किंवा लाइटस्पीड, डेटाबेसला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी आणि हे सगळं ब्राउझरमधून हाताळायचं पॅनेल म्हणजे सीपॅनेल. त्यामुळे परीक्षण या मालाचंच करू. जाहिरातीत जे आकडे मोठ्या अक्षरात छापतात ते फारसे कामाचे नसतात, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवलेलं बरं.

डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं

नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच बिलात येतात. डोमेन म्हणजे नावाची नोंदणी, तीही ठरावीक वर्षांपुरती. .कॉमची मुख्य वही व्हेरिसाइनकडे असते, .इनची निक्सीकडे; आपण मध्यस्थाकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून, ती नोंद करून घेतो. होस्टिंग म्हणजे फाइली आणि डेटाबेस ठेवायला कोणाच्या तरी सर्व्हरवर भाड्याने घेतलेला वाटा. हे नाव त्या सर्व्हरकडे नेणाऱ्या नोंदी म्हणजे डीएनएस. तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या कंपन्यांकडे असल्या तरी साइट व्यवस्थित चालते.

तशा त्या वेगळ्या ठेवाव्यात, निदान डोमेन तरी होस्टिंगपासून वेगळं असावं. ‘होस्टिंगवर डोमेन फुकट’ ही योजना पहिल्या वर्षापुरती असते. .कॉमची घाऊक किंमतच सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाली. ती कंपनी कुठून तरी वसूल करणारच. होस्टिंग नापसंत पडून महिन्याभरात परत केलं, तर परताव्यातून डोमेनची किंमत कापून घेतली जाते. शिवाय नव्या .कॉमची दुसऱ्या रजिस्ट्रारकडे बदली साधारण पहिले ६० दिवस करता येत नाही. होस्टशी, म्हणजे होस्टिंग देणाऱ्या कंपनीशी, बिनसलं आणि नावही त्याच्याकडेच असलं, की बोलणी जड जातात.

नोंदणी करताना एक रकाना फार जपून भरा: नोंदणीधारकाचा ईमेल. .कॉमसारख्या डोमेनांसाठी आयकॅन या डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा नियम आहे की त्या पत्त्यावर आलेल्या दुव्यावर क्लिक करून १५ दिवसांत खातरजमा करायची. तो मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडून राहतो, सोळाव्या दिवशी साइट गायब होते आणि सगळे सर्व्हर तपासत बसतात. सर्व्हरला काहीच झालेलं नसतं. रजिस्ट्रारने डोमेन थांबवलेलं असतं. या रकान्यात वेबसाइट बनवून देणाऱ्याचा ईमेल घालणं ही आपल्याकडची सर्रास चूक. त्याने धंदा बदलला की नाव तुमचं राहत नाही, निदान कागदोपत्री तरी नाही. आणि जे डोमेन घ्याल त्याच डोमेनवरचा ईमेल या रकान्यात देऊ नका. डोमेन बंद पडलं तर रिन्यूअलची आठवणही तिथेच अडकेल.

मुदत संपली तरी .कॉम लगेच दुसऱ्याच्या हाती जात नाही. रजिस्ट्रारच्या धोरणानुसार काही दिवसांची सवलत मिळते (४५ पर्यंत असू शकते), नंतर ३० दिवस सोडवून घेण्याचे, मग ५ दिवसांनी नाव मोकळं. मात्र साइट आणि ईमेल सवलतीच्या सुरुवातीलाच बंद पडतात, आणि त्या ३० दिवसांतला दंड नेहमीच्या रिन्यूअलच्या कितीतरी पट असतो.

देवनागरीत नाव घ्यायचं असेल तर .भारत ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे आणि मराठीसाठी उत्तम चालतं. ब्राउझर ते समजतात. पॅनेलमध्ये मात्र ते बहुधा ‘एक्सएन’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात भरावं लागतं आणि अशा पत्त्यावरचा ईमेल अनेक फॉर्म अजून नाकारतात. म्हणून सोबत एक रोमन नाव घ्या आणि ईमेल त्यावरच ठेवा.

जीबी सोडा, एंट्री प्रोसेस विचारा

‘५० जीबी एनव्हीएमई’, ‘अनलिमिटेड बँडविड्थ’ हे वाचून योजना निवडली जाते. शाळेची किंवा दुकानाची वर्डप्रेस (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) साइट दोन-तीन जीबीच्या पुढे क्वचित जाते. साइट चालेल की अडेल हे ठरवणारे आकडे दुसरेच असतात आणि ते क्लाउडलिनक्स लावतं. एका सर्व्हरवर शेकडो खाती असतात. एकाच्या साइटवर गर्दी झाली म्हणून बाकीच्यांनी बसू नये यासाठी प्रत्येक खात्याला इमारतीतल्या वेगळ्या वीजमीटरसारखी मर्यादा असते.

क्लाउडलिनक्सच्या मूळ मांडणीत एका खात्याला एक सीपीयू कोर, १ जीबी मेमरी, २० एंट्री प्रोसेस, सेकंदाला १ एमबी डिस्क वाचन-लेखन आणि सेकंदाला १०२४ डिस्क-क्रिया (आयओपीएस) असतात. बऱ्याच कंपन्या हे वाढवून देतात, काही जशाच्या तसे ठेवतात. स्वस्त योजनेत कुठे तरी हात आखडता घेतलेला असतो, आणि तो याच ठिकाणी.

यात एंट्री प्रोसेस नीट समजून घ्या. वाचकाने पान उघडलं आणि ते पीएचपीने (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) तयार करायचं असलं, की तेवढा वेळ एक जागा अडते. पान अर्ध्या सेकंदात बनत असेल तर २० जागांमधून सेकंदाला ४० पानं निघतात, आणि एका छोट्या साइटला हे पुरून उरतं. तेच पान जड थीम आणि तीस प्लगिनांमुळे, म्हणजे जोडभागांमुळे, चार सेकंद घेत असेल, तर सेकंदाला पाचच. ‘महिना २५,००० भेटी चालतील’ हा जाहिरातीतला दावा म्हणूनच अर्थहीन आहे. तो तुमच्या पानाला किती वेळ लागतो यावर अवलंबून आहे. चित्रं, सीएसएस अशा तयार फाइलींना जागा लागत नाही. कॅशमधून, म्हणजे आधी बनवून ठेवलेल्या प्रतींमधून, दिलेल्या पानालाही लागत नाही, आणि लाइटस्पीडवाल्या होस्टला थोडे जास्त पैसे मोजावेत ते यासाठी. लाइटस्पीडचं वर्डप्रेस प्लगिन फुकट आहे. लावल्यावर पाहुण्या वाचकाला दिलेलं पान पीएचपीला हातही न लावता जातं.

कोणती मर्यादा लागली हे लक्षणांवरून ओळखता येतं. सीपीयू संपला तर साइट रेंगाळते, चूक दाखवत नाही. एंट्री प्रोसेस संपल्या तर ५०८ हा आकडा आणि साधनमर्यादा गाठल्याचा संदेश येतो. मेमरी संपली तर ५०० किंवा ५०३. सीपॅनेलमध्ये ‘रिसोर्स युसेज’ नावाचं चिन्ह असतं. तिथे गेल्या २४ तासांत कोणत्या मर्यादेला किती वेळा धडक बसली ते दिसतं. सपोर्टवाले ‘मोठी योजना घ्या’ म्हणतील तेव्हा आधी ते पान उघडा. पुष्कळदा दोषी निघतात लॉगिन पानावर पासवर्ड ठोकत बसलेले बॉट, एक्सएमएल-आरपीसीची (बाहेरच्या अॅपना वर्डप्रेसशी बोलू देणारी जुनी वाट) उघडी फाइल किंवा प्रत्येक भेटीला चालणारा वर्डप्रेसचा क्रॉन (ठरल्या वेळची कामं करणारी सोय). बॉट अडवा, एक्सएमएल-आरपीसी बंद करा, वर्डप्रेसचा क्रॉन बंद करून सीपॅनेलच्या ‘क्रॉन जॉब्ज’मधून दर १५ मिनिटांनी चालवा. एवढ्यावर बऱ्याच ‘लहान पडलेल्या’ योजना पुन्हा पुरेशा होतात.

‘अनलिमिटेड’च्या मागे लपलेला दुसरा आकडा म्हणजे इनोड, सोप्या भाषेत फाइलींची आणि फोल्डरांची संख्या. दोन-अडीच लाखांची मर्यादा सामान्य आहे, स्वस्तात त्याहून कमी. नुसतं वर्डप्रेस सुमारे तीन हजार फाइली आणतं. फोटो चढवला की त्याच्या १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या प्रती बनतात, आणि मूळ फोटो फारच मोठा असेल तर २५६० ची आणखी एक. म्हणजे मोबाइलवरून थेट चढवलेल्या एका फोटोमागे आठ फाइली. स्नेहसंमेलनाचे हजार फोटो टाकणाऱ्या शाळेने हा हिशेब आधी करावा. खात्यातल्या ईमेलमधलं प्रत्येक पत्रही एक फाइल असतं. जागा मोकळी दिसते आणि तरी काहीच चढत नाही, मेल येत नाही, असं झालं तर इनोड संपलेत.

सर्व्हर कुठे आहे हेही विचारा. वाचक महाराष्ट्रात असतील तर मुंबईतलं डेटा सेंटर. अमेरिकेतल्या सर्व्हरला प्रत्येक फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातात आणि एका पानाला अशा कितीतरी फेऱ्या लागतात.

किंमत

जाहिरातीतला महिन्याचा दर सहसा चार वर्षांचे पैसे आधी भरणाऱ्यासाठी असतो. समजा ९९ रुपये महिना लिहिलंय. ४८ महिन्यांचे ४,७५२, त्यावर १८ टक्के जीएसटी ८५५, म्हणजे आज खिशातून ५,६०७ रुपये. मुदत संपली की रिन्यूअलचा दर लागतो. तो २९९ असेल तर वर्षाला जीएसटीसह ४,२३४. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण पद्धत सगळीकडची हीच. रिन्यूअलचा दर पैसे भरायच्या पानावर बारीक अक्षरात असतो, तो पाहूनच तुलना करा.

पहिल्यांदा घेणाऱ्याने एका वर्षाचंच घ्यावं. महिन्याला थोडं महाग पडतं, पण होस्ट चांगला आहे की नाही हे पहिल्या अडचणीतच कळतं आणि चार वर्षांचे पैसे अडकलेले असले की माणूस वाईट सेवा सहन करत राहतो. खरेदीच्या टोपलीत आपोआप येऊन बसणारी सशुल्क एसएसएल (ब्राउझरमधल्या कुलपाचं प्रमाणपत्र), ‘साइट सुरक्षा’, ‘एसइओ टूल’ ही सगळी काढून टाका. एसएसएल फुकट मिळते, त्याबद्दल पुढे येईलच.

सीपॅनेल १९९६ पासून आहे, आणि त्याचाही बोजा या दरात आहे. जून २०१९ मध्ये त्याच्या मालकांनी सर्व्हरमागे एक दर सोडून खात्यांच्या संख्येवर पैसे घ्यायला सुरुवात केली, नंतरही दर वाढतच गेले. म्हणून काही होस्ट डायरेक्टअॅडमिन या दुसऱ्या पॅनेलकडे गेले, काहींनी स्वतःचं पॅनेल बनवलं. डायरेक्टअॅडमिन वाईट नाही. स्वतःचं पॅनेल दिसायला बहुतेकदा सीपॅनेलपेक्षा नीटनेटकं असतं. सीपॅनेलचा पडदा म्हणजे चिन्हांची जत्रा आहे, हे मान्यच करायला हवं. तरीही कौल सीपॅनेललाच देतो, कारण त्याचा संपूर्ण बॅकअप दुसऱ्या कोणत्याही सीपॅनेल होस्टकडे जसाच्या तसा उघडतो. फाइली, डेटाबेस, ईमेल खाती, पासवर्ड, क्रॉन सगळं एकाच फाइलीत. खासगी पॅनेलमधून बाहेर पडताना हे एकेक करून न्यावं लागतं.

जोडणी आणि तिथले घोळ

होस्टिंग घेतलं की मेलमध्ये दोन नेमसर्व्हर येतात. रजिस्ट्रारच्या पानावर ते भरायचे, की डीएनएसचा सगळा कारभार होस्टकडे जातो. नव्या, रिकाम्या डोमेनसाठी हेच सोपं. पण त्या डोमेनवर आधीपासून गूगल वर्कस्पेस किंवा झोहोचा ईमेल चालू असेल तर थांबा. नेमसर्व्हर बदलले की जुन्या एमएक्स नोंदी (मेल कुठे उतरावा हे सांगणाऱ्या) मागे राहतात आणि ऑफिसची पत्रं यायची बंद होतात. अशा वेळी नेमसर्व्हरला हात न लावता जुन्याच जागी फक्त ए रेकॉर्ड (नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) नव्या सर्व्हरच्या आयपीवर, म्हणजे अंकी पत्त्यावर, न्या. जुन्या सर्व्हरचा एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, राहिला असेल तर तो काढा. नाही तर काही वाचकांना नवी साइट आणि काहींना जुनी दिसत राहते.

याचीच जोडीदार चूक सीपॅनेलच्या ‘ईमेल राउटिंग’मध्ये असते. मेल बाहेर गूगलकडे आणि राउटिंग मात्र ‘लोकल’ असेल, तर साइटवरच्या फॉर्ममधून तुमच्याच डोमेनच्या पत्त्याला गेलेलं पत्र सर्व्हर स्वतःकडेच ठेवतो. बाहेरच्यांची पत्रं येतात, फक्त साइटवरची चौकशी येत नाही. ‘रिमोट’ निवडलं की प्रश्न मिटतो.

नेमसर्व्हरचा बदल काहींना दहा मिनिटांत दिसतो, काहींना दोन दिवसांनी. याला कारण आहे: .कॉमच्या मुख्य सर्व्हरवर नेमसर्व्हरच्या नोंदीची मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस असते. ज्याच्या इंटरनेट कंपनीने जुनी नोंद कालच घेतली, तो उद्यापर्यंत जुनंच पाहणार. तोवर सेटिंग पुन्हा पुन्हा बदलत बसलात तर गुंता वाढतो.

एसएसएल नंतर. सीपॅनेलचं ऑटोएसएसएल ९० दिवसांचं प्रमाणपत्र फुकट देतं आणि स्वतःच नवं करतं. घाईने डोमेन वळायच्या आधी चालवलं तर ते अपयशी ठरतं, कारण प्रमाणपत्र देणारा त्या नावावर येऊन खूण तपासतो आणि त्याला भलताच सर्व्हर भेटतो. डोमेन वळल्याची खात्री करून ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’मध्ये जाऊन पुन्हा चालवा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही नावांसमोर हिरवं कुलूप आलंय ना ते बघा. वर्षाचं सशुल्क प्रमाणपत्र घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. मार्च २०२६ पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस, असं ब्राउझर आणि प्रमाणपत्र कंपन्यांनी ठरवलं आहे. हाताने बदलायचे दिवस संपले. कुलूप आलं तरी ब्राउझर ‘असुरक्षित’ म्हणत असेल तर पानात एखादं चित्र अजून जुन्या एचटीटीपी पत्त्यावरून येतंय.

वर्डप्रेस सॉफ्टॅक्युलसमधून (सीपॅनेलमधलं आपोआप बसवून देणारं साधन) बसवताना फोल्डरचा रकाना रिकामा ठेवा. तिथे ‘डब्ल्यूपी’ राहिलं तर साइट त्या उपपत्त्यावर बसते. ‘अॅडमिन’ हे वापरकर्तानाव बदला. बसवल्यावरही होस्टचं स्वागताचं पान दिसत असेल तर पब्लिक_एचटीएमएल फोल्डरमध्ये ‘इंडेक्स’ नावाची एचटीएमएल फाइल पडलेली असते. काही सर्व्हरांवर तिचा मान पीएचपीच्या आधी असतो, म्हणून ती काढा. विंडोजवर बनवलेली साइट चढवल्यावर चित्रं दिसेनाशी झाली तर फाइलींच्या नावातली लहान-मोठी रोमन अक्षरं तपासा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ परवानगी पुरते. कुठल्याशा व्हिडिओत पाहून ७७७, म्हणजे सगळ्यांना लिहायची मुभा, दिली की अनेक सर्व्हर ती फाइल चालवायलाच नकार देतात आणि ५०० दाखवतात.

सीपॅनेल २०८३ या पोर्टवर उघडतं. काही बँका, कॉलेजं, सरकारी कार्यालयं हे पोर्ट बंद ठेवतात. तिथे डोमेनच्या आधी ‘सीपॅनेल.’ जोडून उघडून बघा.

मराठी मजकूर

यावर होस्टिंगची परीक्षणं बोलत नाहीत. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून पत्ता बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि पत्त्यात त्याची टक्केचिन्हांसह नऊ रोमन अक्षरं होतात. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या या तुकड्याला २०० अक्षरांची जागा आहे. म्हणजे काना, मात्रा, हलन्त वेगळे धरून जेमतेम २२ चिन्हं. ‘गणेशोत्सव’ हा एकच शब्द नऊ चिन्हांचा, ८१ अक्षरांचा. मथळ्यात तो दोनदा आला तर बसतो, तिसऱ्यांदा अर्ध्यात तुटतो. तुटलेला पत्ता चालतो, पण व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांची रांगोळी दिसते आणि सारखी सुरुवात असलेल्या लेखांना शेवटी नुसते २, ३ असे आकडे लागत जातात. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने छोट्या रोमन शब्दांत लिहा. नंतर बदलायचा तर जुना पत्ता नव्याकडे वळतोय ना, ते तपासा.

डेटाबेसचा अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ असावा. मायएसक्यूएलमधलं जुनं ‘यूटीएफ८’ तीन बाइटपर्यंतच जातं. त्यात मराठी मावतं, इमोजी मावत नाही, आणि इमोजी असलेली प्रतिक्रिया अर्धवट साठते किंवा साठतच नाही. जुनी साइट हलवल्यावर मराठी बिघडलेलं दिसलं तर काय दिसतंय ते नीट पाहा. अगम्य रोमन-लॅटिन चिन्हांची माळ दिसत असेल तर मजकूर सहसा शाबूत आहे, फक्त चुकीच्या संचाने वाचला जातोय. पीएचपीमायअॅडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायचं साधन) पुन्हा इम्पोर्ट करताना फाइलीचा संच यूटीएफ-८ निवडा आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलीत तोच आहे का बघा. पण ओळीने प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि डेटाबेसच्या तक्त्यातही तीच असतील, तर अक्षरं साठवतानाच गेली. ती कोणत्याही सेटिंगने परत येत नाहीत. जुना बॅकअप लागेल. म्हणून बिघाड दिसताच काहीही ‘सेव्ह’ करू नका.

सर्व्हरवर हल्ले अडवणारा मॉडसिक्युरिटी नावाचा पहारेकरीही क्वचित मराठीवर संशय घेतो. लेख जतन करताना किंवा फॉर्म पाठवताना ४०३ किंवा ४०६ आलं आणि तोच फॉर्म इंग्रजीत चालला, तर सपोर्टला नेमकी वेळ आणि आपला आयपी कळवून नियमाचा क्रमांक विचारा आणि तेवढाच नियम सैल करून घ्या. सगळी मॉडसिक्युरिटी बंद करण्याचा सल्ला मिळाला तर घेऊ नका.

ईमेल आणि बॅकअप: दोन कच्चे दुवे

‘ईमेल खाती अमर्याद’ हे खरं असतं आणि निरुपयोगीही. तुमचं पत्र ज्या आयपीवरून जातं, त्याच आयपीवरून शेजारची शेकडो खाती पत्रं पाठवतात. एकाची साइट हॅक होऊन तिथून स्पॅम सुटला की आयपी काळ्या यादीत जातो आणि तुमचं कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्याची ओळख कडक तपासतात, त्यामुळे सीपॅनेलच्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’मध्ये एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात ती यादी) आणि डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) ‘व्हॅलिड’ आहेत याची खात्री करा आणि डीमार्कची (यात नापास झालेल्या पत्राचं काय करायचं ते सांगणारी) टीएक्सटी नोंद हाताने घाला. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. झोहोची वेगळी आणि होस्टची वेगळी, अशा दोन ठेवल्या की दोन्ही बाद. एकाच ओळीत दोघांना सामील करा. धंद्याचा पत्रव्यवहार असेल तर मेल वेगळ्या मेल-सेवेकडेच ठेवावा, असं आमचं मत. तासाला किती पत्रं पाठवता येतील यावरही मर्यादा असते; ग्राहकांना दिवाळीचं पत्र एकगठ्ठा पाठवलं तर बरीचशी सर्व्हरवरच अडतील.

‘रोजचा बॅकअप’ही होस्टची मेहेरबानी असते; अटींत बहुधा लिहिलेलंच असतं की जबाबदारी ग्राहकाची. ती प्रत त्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हरबरोबर तीही जाते. शिवाय एक बारकावा: सीपॅनेलमधला ‘फुल बॅकअप’ तुम्ही उतरवून घेऊ शकता, पण स्वतः परत चढवू शकत नाही, त्याला होस्टचा डब्ल्यूएचएम, म्हणजे सर्व्हरचं मुख्य पॅनेल, लागतो. स्वतःला परत चढवता येतात ते सुटे भाग, होम डिरेक्टरी आणि डेटाबेस. म्हणून दोन्ही घ्या. डेटाबेसची फाइल मोठी असेल तर पीएचपीमायअॅडमिन ती नाकारतं, तिथली नेहमीची मर्यादा ५० एमबी; दाबून लहान केलेली प्रत द्या किंवा सीपॅनेलच्या बॅकअप पानावरून चढवा. रोजच्यासाठी गूगल ड्राइव्हवर प्रत पाठवणारं प्लगिन लावा आणि एकदा तरी उपडोमेनवर ती उघडून पाहा.

कोणी घेऊ नये, आणि सोडताना

पाच-सात पानांची, क्वचित बदलणारी साइट असेल तर होस्टिंग विकत घ्यायची गरजच नाही. गिटहब पेजेस फुकट आहे: साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी वाहतूक, पण ऑनलाइन विक्रीला मनाई. क्लाउडफ्लेअर पेजेसवर फुकट खात्यात २०,००० फाइली, प्रत्येकी २५ एमबीपर्यंत. दोन्हीकडे पीएचपी आणि डेटाबेस नाही, आणि लेख टाकायला थोडी तांत्रिक सवय लागते. संस्थेच्या सचिवांना ते जमणार नसेल तर वर्डप्रेसच बरं. नुसतं लेखन असेल तर ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन जोडलं तरी भागतं.

उलट वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं प्लगिन) रोज ऑर्डरी येत असतील तर शेअर्ड पुरत नाही. खरेदीची टोपली आणि चेकआउटची पानं प्रत्येक ग्राहकाला वेगळी, ती कॅशमध्ये ठेवता येत नाहीत, प्रत्येक पाऊल एक एंट्री प्रोसेस अडवतं. सेलच्या दिवशी ५०८ येतो तो नेमका पैसे भरायच्या पानावर. पेमेंट गेटवेचा निरोप कधी मॉडसिक्युरिटीने अडवला तर पैसे जमा होतात आणि ऑर्डर ‘पेंडिंग’ राहते. अशांनी व्यवस्थापित व्हीपीएस (आपल्या वाट्याचा आभासी सर्व्हर, देखभाल कंपनीकडे) घ्यावा. अव्यवस्थापित व्हीपीएस स्वस्तात मिळतो म्हणून नवख्याने घेऊ नये. तिथे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं आपल्या डोक्यावर. भारतात व्हीपीएस घेताना ओळखीचे कागद मागितले तर बिचकू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएस देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवावी लागते.

होस्ट बदलायचा ठरला तर आधी नव्या होस्टला संपूर्ण बॅकअप देऊन तो चढवून घ्या. बरेचसे हे फुकट करतात. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत (त्या संगणकापुरते पत्ते ठरवणारी फाइल) नव्या सर्व्हरचा आयपी लिहून साइट आधी स्वतःपुरती तपासा: लॉगिन, फॉर्म, मराठी मजकूर, चित्रं. वळवण्याच्या आदल्या दिवशी ए रेकॉर्डची टीटीएल (नोंद किती वेळ जपायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा. वळवताना प्रतिक्रिया आणि ऑर्डरी थोडा वेळ बंद ठेवा, नाही तर काही जुन्या डेटाबेसमध्ये पडतील. जुनं खातं त्यानंतर निदान आठवडाभर चालू राहू द्या, कारण उशिरा वळलेल्या सर्व्हरांकडून आलेली पत्रं तिथल्या इनबॉक्समध्येच उतरतात. ती आयमॅपने (मेल-अॅपमधून सर्व्हरवरची पत्रं हाताळायची पद्धत) नव्या खात्यात ओढून घेतल्यावर मगच जुन्याचं स्वयंचलित रिन्यूअल बंद करा आणि कार्डाची नोंद काढा.